प्रसाधन संच, आयात केलेले (शुल्क-वर्गीकरण)

ट्रिमर, कात्री, कंगवा, चिमटा, नखांची कानस, ब्रश अशा वैयक्तिक निगेच्या वस्तू एकाच डब्यात किंवा चेनच्या पाऊचमध्ये भरून परदेशातून आल्या, की सीमाशुल्क दरसूचीतल्या कोणत्या शीर्षकाखाली त्यांच्यावर शुल्क बसते, ते ठरवण्याची पद्धत. मुंबई परिसरात हा माल बहुधा न्हावा शेवा बंदरात उतरतो आणि तिथून ट्रेलरने भिवंडीच्या गोदामांत जातो. यंत्रमागांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीभोवती काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या गावांत गोदामांची रांगच उभी राहिली. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर असणे हे त्याचे एक मोठे कारण. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, जकात गेली. गोदामे मात्र तिथेच राहिली. ऑनलाइन विक्रीचा बराच माल आज इथूनच घरोघरी जातो.

वर्गीकरणाचा आधार म्हणजे सीमाशुल्क दरसूची अधिनियम, १९७५ याची पहिली अनुसूची. तिची रचना ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसंवादी प्रणालीवर, म्हणजे व्यापारी ज्याला ‘एचएसएन कोड’ म्हणतात त्यावर, बेतलेली आहे. अनुसूचीच्या सुरुवातीलाच अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. पहिला नियम असा, की आधी शीर्षकाची शब्दरचना आणि विभागांच्या व प्रकरणांच्या टीपा पाहायच्या. संचांच्या बाबतीत नेमके हेच विसरले जाते आणि ‘यातली मुख्य वस्तू कोणती’ या वादात सगळे थेट उडी घेतात. वास्तविक दोन प्रकारच्या संचांना दरसूचीने स्वतःचे घर दिलेले आहे. मॅनिक्युअर-पेडिक्युअरचे संच शीर्षक ८२१४ मध्ये येतात. त्यातली छोटी कात्री सुटी आली असती तर ८२१३ मध्ये आणि चिमटा ८२०३ मध्ये गेला असता, पण संचात त्यांचे वेगळे अस्तित्व उरत नाही. प्रवासात वापरायचे प्रसाधन संच ९६०५ मध्ये येतात. म्हणून नखे कापण्या-घासण्याचीच साधने असलेला चामडी खोका ८२१४ चा, तर आरसा, कंगवा, ब्रश, रेझर आणि कात्री असलेला प्रवासी पाऊच ९६०५ चा.

या दोन्हींत न बसणाऱ्या संचांसाठी नियम ३(ख) आहे. संचाला त्याचे मूळ स्वरूप देणारी वस्तू ज्या शीर्षकाची, त्याच शीर्षकाखाली सगळा संच जातो. सुसंवादी प्रणालीच्या स्पष्टीकरणात्मक टीपांत याचे उदाहरण या विषयातलेच आहे. केस कापण्याचे विजेचे यंत्र (८५१०), कंगवा (९६१५), कात्री (८२१३), ब्रश (९६०३) आणि कापडी टॉवेल (६३०२), सगळे चामड्याच्या पेटीत (४२०२). असा संच ८५१० मध्ये जातो, कारण बाकीचे सामान यंत्राच्या सेवेला आहे. टॉवेल किंवा पेटी महाग निघाली म्हणून निर्णय आपोआप फिरत नाही. किंमत हा अनेक निकषांपैकी एक, त्याशिवाय आकार, वजन, संख्या आणि उपयोगातले महत्त्व हेही पाहतात. इतके करूनही ठरले नाही तर नियम ३(ग): दावेदार शीर्षकांपैकी क्रमाने शेवटचे.

पण ‘संच’ म्हणवून घेण्यासाठी तीन अटी आहेत. किमान दोन वस्तू वेगवेगळ्या शीर्षकांच्या हव्यात, त्या एकाच गरजेसाठी वा कामासाठी एकत्र आणलेल्या हव्यात आणि पुन्हा न बांधता थेट ग्राहकाला विकता येतील अशा हव्यात. दिवाळीसाठी एका खोक्यात ट्रिमर, पैशाचे पाकीट आणि अत्तर घालून आणले तर ती भेट आहे, संच नव्हे. तिन्हींचे वर्गीकरण सुटे होते. तसेच क्रीम किंवा लोशन संचात असेल तर शीर्षक कोणतेही लागो, सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खालील आयात नोंदणी टळत नाही.

भिवंडीच्या दृष्टीने तिसरी अट कळीची. वर्गीकरण माल बंदरात ज्या स्थितीत सादर होतो त्या स्थितीत होते. एका कंटेनरमध्ये हजारो ट्रिमर वेगळ्या पेट्यांत, कंगवे वेगळ्या पेट्यांत आणि रिकामे छापील डबे तिसऱ्या पेट्यांत आले आणि गोदामात बायका-पोरांनी टेबलावर बसून ते डबे भरले, तर सीमाशुल्काच्या लेखी तो संच कधी आलाच नाही. तयार संचावर आयातदाराच्या नावाचे व कमाल किमतीचे लेबल चिकटवणे ही मात्र पुनर्बांधणी ठरू नये.

गोदामात जन्मलेल्या संचाला पुढे जीएसटी गाठतो. केंद्रीय जीएसटी अधिनियम, २०१७ च्या कलम ८ प्रमाणे, एकाच किमतीला विकलेला पुरवठा ‘मिश्र’ ठरला तर त्यातला सर्वांत चढा दर सगळ्यावर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दाढीच्या क्रीमवर ५ टक्के आहे, विजेच्या ट्रिमरवर १८. दोन्ही एका डब्यात घातले आणि पुरवठा मिश्र मानला गेला, तर क्रीमलाही १८ टक्के. तो ‘मिश्र’ की नैसर्गिकपणे जोडलेला ‘संयुक्त’, यावर वाद घालता येतो; संयुक्त ठरला तर मुख्य वस्तूचा दर लागतो.

२०११ पासून शुल्काचे स्वयंनिर्धारण आयातदारावर आहे, आणि २०२० पासून चेहराविरहित निर्धारणामुळे न्हावा शेव्याच्या बिल ऑफ एन्ट्रीची तपासणी दुसऱ्या शहरातला अधिकारी करू शकतो. त्याच्यासमोर खोका नसतो, कागद असतात. इनव्हॉइसवर नुसते ‘ग्रूमिंग किट’ लिहिणे म्हणूनच धोक्याचे. डब्यातल्या प्रत्येक वस्तूचे नाव, संख्या, विजेची की हाताची, आणि बांधणीचा फोटो सोबत असावा. शंका असल्यास माल मागवण्यापूर्वीच मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चुकीच्या शीर्षकामुळे कमी भरलेल्या शुल्काची मागणी सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २८ खाली साधारणपणे २ वर्षांपर्यंत, आणि हेतुपुरस्सर लपवाछपवी असल्यास ५ वर्षांपर्यंत काढता येते.