गुलाबी बोंडअळी आली कुठून? आपल्याच वावरातून!

राजेहो, दहावीच्या विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. पोरं त्यात माकडहाड अन् अपेंडिक्स पाठ करतात, पाच मार्कांचं लिहून मोकळी होतात. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वीची, कुठल्यातरी बेटावरची गोष्ट, असा समज पक्का होतो. पण अमरावती-अकोल्याच्या पोराला त्यासाठी बेटावर जायची गरज नाही. त्याच्या बापाच्या पऱ्हाटीत ती वीसेक वर्षांत घडली. तिचा हिशेब मांडायला थोडं मागून सुरुवात करतो.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला अन् लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर इकडे वळली. त्याच दशकात रेल्वे आली. आपला कापूस विलायतेच्या बाजारात 'ऊमरा' नावाने विकला जाई. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती!

तेव्हा इथे दोन प्रकारचे देशी कापूस होते. 'बनी'चा धागा तलम, पण रुईचा उतारा कमी. 'जरी'चा धागा जाडाभरडा, पण लवकर निघणारी अन् जिनिंगमध्ये जास्त रुई देणारी. व्यापारी वजनाने पैसे मोजत होता. मग शेतकऱ्याने काय पेरावं? जरीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनी मागे पडत गेली. पुढच्या वर्षासाठी कोणती सरकी ठेवायची, हे दरसाल ठरवत गेलं की पीक बदलतं. ही निवड. माणसाने केली तर तिला कृत्रिम निवड म्हणतात, निसर्गाने केली तर नैसर्गिक. काम दोन्हीकडे सारखंच.

देशी कापसाच्या पेशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकन कापसाच्या पेशीत 52. म्हणून या दोघांचा संकर सहज जमत नाही. 1970 मध्ये गुजरातमध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी 'एच-4' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. त्याच्या आदल्याच वर्षी अकोल्यात आपलं कृषी विद्यापीठ उभं राहिलं. तिथून एकेएच-4, एकेए-7 सारखे देशी वाण निघाले, संकरितही निघाले. पण बाजाराचा ओढा संकरिताकडे राहिला. संकरिताची सरकी घरी ठेवून उपयोग नाही, कारण पुढच्या पिढीत गुण फुटतात, सारखी झाडं येत नाहीत. त्यामुळे दरसाल पाकीट विकत घेणं आलं.

संकरित आलं अन् फवाऱ्याही वाढल्या. 1980 च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं आली. सुरुवातीला जादूच! पण 1987-88 पर्यंत आंध्रात हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली. लोक म्हणाले, औषधात भेसळ आहे. भेसळ असेलही, पण मूळ कारण वेगळं होतं. लाखो अळ्यांत दोनचार जन्मतःच वेगळ्या असतात. औषधाने बाकीच्या मेल्या, या उरल्या. पुढची पिढी यांचीच. कोणत्याही अळीला औषधाची 'सवय' लागत नाही. जी वाचते तिचा वंश वाढतो. सवय अन् निवड यातला फरक कळला की अर्धी उत्क्रांती कळली.

मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं. त्यातून तयार होणारं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या विशिष्ट जागेला चिकटतं, किल्ली कुलपात बसावी तसं, अन् अळी मरते. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीजी-2 आलं. फवाऱ्या कमी झाल्या, उत्पादन वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ज्या अळीचं कुलूपच बदललेलं, तिला किल्ली लागणार कशी? अशा अळ्या आधी फार थोड्या होत्या. त्या थोड्याच राहाव्या म्हणून पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाणं दिलं जाई. नियम असा की भोवती पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते, नॉन-बीटीचं लावा. तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतील अन् पिल्लं पुन्हा बीटीने मरणारी निघतील. ते 120 ग्रॅम म्हणजे विमा होता. आपण काय केलं? कित्येकांनी ते पाकीट बांधावर फेकलं. पण एकट्या शेतकऱ्याला दोष देऊ नका. त्या पाकिटाचं कारण त्याला त्याच्या भाषेत नीट समजावलं कोणी?

आता खरी गंमत पाहा. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते. आपल्या वावरात तुरीचं तास असतंच. तोच तिच्यासाठी फुकटचा आश्रय, म्हणून बीटीपुढे ती अजून बऱ्यापैकी दबून आहे. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. चहूकडे बीटीच बीटी असेल, तर तिच्यापुढे दोनच वाटा, मरा नाहीतर बदला.

त्यात संकरिताचा आणखी एक घोळ. अमेरिकेत बीटी सरळ वाणांत आहे, तिथे सगळी सरकी सारखी. आपल्याकडच्या बहुतेक संकरित बीटीत जनुक एकाच पालकाकडून आलेलं. म्हणजे बोंडातली सरकी मेंडेलच्या नियमाने फुटते. एका जनुकाच्या बीटीत चार दाण्यांमागे साधारण एक दाणा बिनविषारी. गुलाबी अळी तर बोंडाच्या आत बसून सरकीच खाते. काही दाणे विषारी, काही नाही, तिला अर्धवट मात्रा मिळाली. अर्धवट मात्रा ही प्रतिकार वाढवायची उत्तम रीत. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती यांनी हा मुद्दा लिहून मांडला आहे.

अन् तिसरी गोष्ट फरदड. पाणी आहे, चार वेचे अजून निघतील म्हणून पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवायची. अळीला जेवण चालूच, पिढीवर पिढी चालूच. वाळल्या बोंडात अन् जिनिंगच्या सरकीत ती सुप्तावस्थेत पडून राहते, पावसाबरोबर पतंग बाहेर.

निकाल लागायला वेळ लागला नाही. 2009-10 मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर भागात पहिल्या बीटीला प्रतिकार दिसला. 2014-15 पर्यंत बीजी-2 ही निकामी होऊ लागलं. 2017 मध्ये विदर्भात डोमकळ्या अन् किडकी कवडी घराघरात पोचली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने विदर्भात वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, सर्वांत जास्त यवतमाळात. हिवाळी अधिवेशन नुकसानभरपाईत गाजलं. अळी बदलली कशी, हा प्रश्न मागेच राहिला.

हे अटळ होतं का? नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी नॉन-बीटीचा नियम पाळला, पुढे विमानातून नपुंसक पतंग सोडले, अन् 2018 मध्ये तिकडे गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. अळी तीच, जनुकंही तीच. फरक शिस्तीचा अन् व्यवस्थेचा.

आता पुढचं ताट वाढून ठेवलेलं आहे. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील एचटीबीटी बियाणं शेतकऱ्यांनी उघडपणे पेरलं. निंदणाला मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे दुखणं खरं आहे. पण चोरून येणाऱ्या बियाण्याला ना नियम, ना पावती, ना जबाबदार माणूस. अन् तणालाही निवड लागू आहेच. अमेरिकेत जॉर्जियात राजगिऱ्याच्या कुळातलं एक तण 2005 च्या सुमारासच त्याच तणनाशकाला जुमानेनासं झालं. अळीने शिकवलेला धडा तणाकडून पुन्हा शिकायचा आहे का?

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, फरदड ठेवू नका, अन् कामगंध सापळे एकट्याने लावण्यापेक्षा गावाने मिळून लावा, कारण पतंगाला धुरा कळत नाही. विद्यापीठाने अन् सरकारने कमी दिवसांचे सरळ वाण, देशी वाण हंगामाआधी दुकानात दिसतील इतके द्यावेत. आणि मास्तरांनो, दहावीचा तो पहिला धडा एक दिवस वावरात नेऊन शिकवा. एक बोंड फोडा अन् आतली अळी दाखवा.

तुमच्या गावात यंदा फरदड किती जणांनी ठेवली? कमेंटमध्ये खरंखरं लिहा.