रिकामा पाळणा आणि न्यायासन

इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजाच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १६२४ सालीं, पार्लमेंटनें एक लहानसा कायदा संमत केला. अनौरस मुलांच्या हत्येस आळा घालणें हा त्याचा उद्देश होता. अविवाहित स्त्रीला मूल झालें, तें दगावलें आणि तिनें त्याचा मृत्यु लपवून ठेवला, तर तिनें त्याचा खूनच केला असें समजावें व तिला देहान्ताची शिक्षा द्यावी, असें त्यांत फर्माविलें होतें. सुटकेचा मार्ग एकच. मूल मृतावस्थेंतच जन्मास आलें, असें तिनें निदान एका साक्षीदाराच्या तोंडून शाबीत करावें. खुनाच्या इतर खटल्यांत गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर असते. येथें ती उलटी आरोपीच्या माथीं मारण्यांत आली. लोकलज्जेस्तव जिनें एकांतांत, सुइणीवांचून प्रसूतीच्या वेदना सोसल्या, तिनें साक्षीदार आणावा कोठून?

हा कायदा समुद्र ओलांडून अमेरिकेंतील वसाहतींतही गेला. मॅसॅच्युसेट्समध्यें १६९६ सालीं तशाच स्वरूपाचा कायदा झाला. मायदेशीं मात्र न्यायालयांतील पंचांचें मन हळूहळू त्याला विटूं लागलें. आरोपी स्त्रीनें आधींच बाळंतविडा तयार करून ठेवला होता असें दिसलें, कीं अठराव्या शतकांतील लंडनचे पंच बहुधा तिला सोडून देत. जी टोपडीं-दुपटीं शिवते तिच्या मनांत बाळाचा जीव घेण्याचा विचार नव्हता, असा त्यांचा साधा न्याय होता. वैद्यकशास्त्राच्या बाजूनें विल्यम हंटर हा विख्यात शरीरशास्त्रज्ञ पुढें आला. मृत बालकाचें फुप्फुस पाण्यावर तरंगलें म्हणजे तें जिवंत जन्मलें होतें, अशी कसोटी त्या काळीं लावीत. हें चिन्ह फसवें आहे, असें हंटरनें आपल्या निबंधांत दाखवून दिलें. कुजण्याच्या क्रियेनेंही फुप्फुसांत वायु सांठतो. शिवाय एखादें मूल दोन श्वास घेऊन कोणाचाही हात न लागतां प्राण सोडूं शकतें. त्याच्या मृत्यूनंतर १७८४ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला. अखेर १८०३ सालीं लॉर्ड एलेनबरोच्या कायद्यानें जुना कायदा रद्द झाला. यापुढें असा खून इतर खुनाप्रमाणेंच रीतसर शाबीत करावा लागे. तो शाबीत न झाल्यास जन्म लपविल्याबद्दल फार तर २ वर्षांची कैद देतां येई.

संशय म्हणजे पुरावा नव्हे, एवढें तत्त्व या प्रकरणीं मान्य व्हावयास १७९ वर्षें लागलीं. आणि एकदां मान्य झालेलें तत्त्व कायमचें टिकतें, असेंही नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तोच प्रश्न नव्या वेषांत पुन्हा उभा राहिला. या वेळीं संशयाचें मूळ लपविलेल्या जन्मांत नसून आईच्या शरीरांत सांपडलेल्या मादक द्रव्यांत होतें.

आरंभीं न्यायालयांचा कल सावध होता. कॅलिफोर्नियांत हेरॉइनचें व्यसन असलेल्या एका मातेला झालेलीं जुळीं मुलें त्या व्यसनाचा अंमल घेऊनच जन्मलीं, म्हणून मुलांस धोक्यांत घातल्याचा आरोप तिच्यावर ठेवण्यांत आला. मुलांच्या रक्षणाचा तो कायदा गर्भाला लागू पडत नाहीं, असें सांगून १९७७ सालीं न्यायालयानें खटला पुढें चालूं दिला नाहीं. परंतु त्यानंतर ‘क्रॅक’ हा कोकेनचा स्वस्त, ओढण्याचा प्रकार शहरांतील गरीब वस्त्यांत पसरला आणि वारें फिरलें. १९८५ सालीं शिकागोच्या आयरा चॅस्नॉफ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. इतक्या थोड्या पाहणीवरून कायमचा निष्कर्ष काढणें धाडसाचें होतें. पण वर्तमानपत्रांना तेवढा धीर कोठला? ‘क्रॅक बेबी’ हा शब्द घरोघर पोंचला. एक संबंध पिढीच बुद्धिहीन निपजणार, असें भाकित होऊं लागलें. समाज भयभीत झाला, म्हणजे त्याला प्रथम अपराधी माणूस हवा असतो. उपाय तो मागाहून शोधतो.

फ्लॉरिडांतील एका सरकारी वकिलानें तर विलक्षण युक्ति लढविली. मूल बाहेर आल्यापासून नाळ कापली जाईपर्यंतच्या कांहीं क्षणांत आईनें नाळेवाटें अज्ञान बालकास कोकेन पोंचविलें, असा त्याचा दावा होता. मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्यासाठीं केलेलें कलम अशा रीतीनें बाळंतिणीवर चालविण्यांत आलें! १९८९ सालीं तिला दोषी ठरविण्यांत आलें. १९९२ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला.

त्याच १९८९ सालीं साउथ कॅरोलायनांतील चार्ल्स्टन शहरांत वैद्यकीय विद्यापीठाचें रुग्णालय, पोलीस व सरकारी वकील यांनीं मिळून एक योजना आंखली. संशयित गरोदर स्त्रियांच्या लघवीची कोकेनसाठीं तपासणी करावयाची आणि निकाल पोलिसांच्या हवालीं करावयाचा. या योजनेंत ३० स्त्रियांना अटक झाली; त्यांपैकीं २९ कृष्णवर्णीय होत्या. व्यसन त्यांच्यांतच होतें म्हणून असें घडलें काय? १९९० सालीं फ्लॉरिडांतील एका परगण्याची पाहणी प्रसिद्ध झाली. गोऱ्या व कृष्णवर्णीय गरोदर स्त्रियांत मादक पदार्थांच्या सेवनाचें प्रमाण जवळजवळ सारखेंच आढळलें. परंतु अधिकाऱ्यांकडे वर्दी गेली ती कृष्णवर्णीय स्त्रियांची, सुमारें दसपट. चार्ल्स्टनच्या योजनेचा न्याय २००१ सालीं झाला. पोलिसांना पुरावा मिळावा म्हणून रुग्ण स्त्रीच्या संमतीवांचून केलेली अशी तपासणी घटनेविरुद्ध आहे, असें संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें ६ विरुद्ध ३ मतांनीं ठरविलें.

तोंवर साउथ कॅरोलायना राज्य आणखी पुढें गेलें होतें. गर्भाशयाबाहेर जगूं शकेल इतका वाढलेला गर्भ हा कायद्याच्या दृष्टीनें बालकच होय, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं दिला. त्याचें फळ लवकरच दिसलें. १९९९ सालीं २२ वर्षांच्या एका निराधार कृष्णवर्णीय स्त्रीला मृत मूल झालें. तिच्या शरीरांत कोकेनचा अंश आढळला. शवविच्छेदनांत वार व नाळ यांना आलेली दाहयुक्त सूजही दिसली होती, आणि मृत्यूचें कारण तेंही असूं शकत होतें. तरीही तिच्यावर मनुष्यवधाचा आरोप आला. २००१ सालीं ज्यूरीनें सुमारें १५ मिनिटांत तिला दोषी ठरविलें. न्यायाधीशांनीं २० वर्षांची शिक्षा सांगून प्रत्यक्षांत १२ वर्षांची कैद दिली. आपलें मूल मारावें अशी तिची इच्छा होती, असें कोणीच म्हणत नव्हतें.

याच काळांत शास्त्राचा निकाल मात्र बदलत होता. फिलाडेल्फियांतील एका रुग्णालयांत १९८९ ते १९९२ या काळांत जन्मलेल्या २२४ मुलांचा अभ्यास हॅलम हर्ट या बालरोगतज्ज्ञ बाईंनीं वर्षानुवर्षें चालविला. त्यांत निम्मीं मुलें कोकेन घेणाऱ्या मातांचीं होतीं व निम्मीं तशींच गरीब, पण कोकेनशीं संबंध न आलेलीं. दोन्ही गटांच्या बुद्धींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. दोन्ही गट सारखेच मागें होते आणि त्याचें कारण दारिद्र्य. कोकेन निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्यानें वार अवेळीं सुटण्याचा धोका वाढतो, हें डॉक्टरांना ठाऊक आहे. परंतु धोका वाढणें वेगळें आणि एका विशिष्ट मुलाचा मृत्यु त्यानेंच घडला असें नि:संशय शाबीत होणें वेगळें. तंबाखूनेंही धोका वाढतो, रक्तदाबानें व मधुमेहानेंही वाढतो; आणि कसून तपास करूनही कित्येक मृत जन्मांचें कारण उमगतच नाहीं. हंटरनें फुप्फुसाच्या कसोटीविषयीं जें सांगितलें, तेंच नव्या रासायनिक कसोटीलाही लागू पडतें.

साउथ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाला हें २००८ सालीं पटलें. फिर्यादी पक्षाचें शास्त्र जुनें झालें होतें आणि बचावाच्या वकिलानें त्याला योग्य तज्ज्ञांकरवीं उत्तर दिलें नव्हतें, असें म्हणून न्यायाधीशांनीं एकमतानें तो निर्णय रद्द केला. ती स्त्री त्याच वर्षीं सुटली. पण तारुण्याचीं कित्येक वर्षें तिनें तुरुंगांत घालविलीं होतीं. दक्षिणेंतच, मिसिसिपींत, १६ वर्षांच्या एका मुलीवर २००६ सालच्या मृत जन्मावरून खुनाचा आरोप ठेवण्यांत आला. बालकाच्या गळ्याभोंवतीं नाळेचा वेढा पडलेला होता! तो आरोप निघून जावयास २०१४ साल उजाडलें.

तरीही ही कथा संपलेली नाहीं. अलाबामा राज्यानें २००६ सालीं एक कायदा केला तो मुलांना मादक रसायनें बनविणाऱ्या घरगुती कारखान्यांपासून वांचविण्यासाठीं. २०१३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील ‘मूल’ या शब्दांत गर्भाचा समावेश केला. टेनेसीनें २०१४ सालीं केलेल्या अशाच कायद्याची मुदत २०१६ सालीं संपली, तेव्हां विधिमंडळानें ती वाढविली नाहीं. कॅलिफोर्नियांत दोन स्त्रियांवर मृत जन्मावरून खुनाचे आरोप झाले. त्यांपैकीं एकीला ११ वर्षांची शिक्षा झाली होती. २०२१ व २०२२ सालीं त्या दोघींना न्याय मिळाला, आणि २०२२ सालीं त्या राज्यानें गर्भ दगावल्याबद्दल स्त्रीवर खटला भरण्यास कायद्यानेंच मनाई केली.

या कायद्यांच्या पाठीराख्यांचा हेतु वाईट होता, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पोटांतील जीवाला जपावें, ही भावना सर्वांचीच. पण अमेरिकन वैद्यक संघानें १९९० सालींच बजावलें होतें कीं, शिक्षेच्या धाकानें अशा स्त्रिया व्यसन सोडीत नाहींत. त्या दवाखाना सोडतात. ज्या डॉक्टरला खरें सांगितलें तर पोलीस दारीं येतील, त्याला कोण खरें सांगेल? आणि जिला औषधोपचाराची सर्वांत अधिक गरज, तीच तेथें यावयाची थांबली, तर वांचवावयाचें होतें तें बालकच आधीं दगावतें. १६२४ च्या कायद्यानें अभागी स्त्रियांना एकांतांत लोटलें आणि मग त्या एकांताचाच त्यांच्याविरुद्ध पुरावा केला. लघवीच्या तपासणीवर उभारलेला नवा कायदा त्याच वाटेनें गेला. मूल कशानें गेलें हा प्रश्न शास्त्राचा आहे, आणि त्याचें उत्तर मिळत नसेल तर ‘ठाऊक नाहीं’ असें म्हणण्याचें धैर्य न्यायासनाला असावें लागतें. तें धैर्य जेथें सुटलें, तेथें रिकाम्या पाळण्याशेजारीं बसलेल्या मातेलाच उत्तर म्हणून उभें करण्यांत आलें.