प्लास्टिक कयाकचा तळ झिजतोय? घरच्या घरी संरक्षण कसं करायचं, संपूर्ण माहिती

कोकणात, गोव्यात आणि आता पवना, पानशेतसारख्या धरणांच्या पाण्यातही कयाक दिसायला लागल्या आहेत. कोणी होमस्टेसाठी दोन-तीन घेतो, तर कोणी मित्रांबरोबर वर्गणी काढून सेकंड हँड घेतो. पहिले काही महिने मजेत जातात. मग एक दिवस कयाक उलटी करून बघितली की तळाला पांढरे ओरखडे, उठलेले धागे आणि मागच्या टोकाला घासून सपाट झालेली जागा दिसते. लगेच प्रश्न पडतो, "यावर काय लावू?"

खरं तर त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या प्लास्टिकला काही चिकटतं का? बहुतेक घरगुती उपाय फसतात ते इथेच. म्हणून या लेखात आधी प्लास्टिक समजून घेऊ, मग तपासणी आणि शेवटी उपाय बघू.

## कयाक कोणत्या प्लास्टिकची असते?

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. बहुतेक प्लास्टिक कयाक त्याच पद्धतीने आणि त्याच जातीच्या प्लास्टिकपासून बनतात. या पद्धतीला रोटोमोल्डिंग म्हणतात. पोकळ साच्यात प्लास्टिकची पावडर टाकतात आणि साचा भट्टीत दोन दिशांनी फिरवतात. पावडर वितळून आतल्या बाजूला सगळीकडे बसते. थंड झाल्यावर कुठेही जोड नसलेली पोकळ वस्तू बाहेर येते.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिइथिलीन, आपल्या बोलण्यातलं पॉलिथिन. कयाकच्या तळाची जाडी साधारण ४ ते ६ मिलिमीटर असते, पण ती सगळीकडे सारखी नसते. हे प्लास्टिक चिवट असतं. दगडावर आपटलं तर काचेसारखं फुटत नाही, दबतं आणि पुन्हा वर येतं. पण ते मऊही असतं, आणि वाळू किंवा डांबर त्याला कानशीसारखं घासत राहतं. म्हणजे एका धक्क्याने कयाक सहसा जात नाही, ती रोजच्या घासण्याने जाते.

## तळ कुठे जास्त झिजतो?

- मागची टाच: पुढचं हँडल धरून कयाक ओढली की सगळं वजन मागच्या टोकावर येतं. सर्वात आधी भोक पडतं ते इथेच.
- सीटखालचा भाग: उथळ पाण्यात बसलेल्या माणसाच्या वजनाने हा भाग खाली टेकतो.
- पुढचं नाक: किनाऱ्याला लागताना आधी हेच वाळूत किंवा दगडात घुसतं.

कोकणात यात आणखी एक भर पडते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर आणि कांदळवनाच्या मुळांवर कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात आणि तळाला लांब, खोल चिरा पाडतात.

## आधी तपासणी: मोबाइल पुरेसा आहे

खर्च करण्याआधी १५ मिनिटं तपासणीला द्या.

१. टॉर्च टेस्ट. अंधार पडल्यावर कयाकच्या झाकणातून मोबाइल आत घाला (दोरी बांधलेल्या पाऊचमध्ये ठेवा, नाहीतर आतच घसरेल) आणि टॉर्च सुरू करा. बाहेरून तळ बघा. पिवळ्या, केशरी अशा फिकट रंगाच्या कयाकमध्ये जिथे प्लास्टिक पातळ झालंय, तिथे उजेड जास्त दिसतो. काळ्या किंवा गडद कयाकला ही टेस्ट चालत नाही. तिथे अंगठ्याने दाबून बघा. आजूबाजूपेक्षा सहज दबणारी जागा संशयास्पद.

२. कार्ड टेस्ट. एटीएम कार्डाची जाडी साधारण ०.७६ मिलिमीटर असते. ओरखडा त्यापेक्षा कमी खोल वाटत असेल तर त्याला हात लावू नका. उठलेले धागे ब्लेडने हलक्या हाताने कापून टाका, बस्स.

३. पाण्याचा हिशेब. प्रत्येक फेरीनंतर मागचं बूच काढून आत साचलेलं पाणी बाटलीत मोजा. कपभर पाणी झाकणाच्या फटीतूनही येतं. पण एक-दीड लिटर निघत असेल किंवा दर वेळी वाढत असेल, तर गळती शोधा. कयाक दोन स्टुलांवर ठेवून आत थोडं पाणी ओता आणि खालून कुठे थेंब येतो ते बघा. पंपाने किंवा कॉम्प्रेसरने हवा मात्र भरू नका, कवच फुगून तडकू शकतं.

४. फोटो. दर महिन्याला टाच, मधला भाग आणि नाक यांचा एकाच अंतरावरून, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. झीज वाढतेय की नाही ते मग अंदाजाने ठरवावं लागत नाही.

ही तपासणी महत्त्वाची का? वर बसायची कयाक पोकळ असते. आत पाणी शिरलं की ती लगेच बुडत नाही, आधी डोलायला लागते. आतलं पाणी झुकलेल्या बाजूला धावतं आणि तिला आणखी झुकवतं. खाडीच्या मध्यावर, वारा सुटलेला असताना हे झालं तर उलटायला वेळ लागत नाही. तळाचं भोक हा दिसण्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

## गोंद का चिकटत नाही?

कयाकच्या तळावर पाण्याचा थेंब टाका. तो पसरत नाही, गोल मण्यासारखा बसतो. गोंदाचंही तेच होतं. पॉलिइथिलीनच्या पृष्ठभागाची ऊर्जा कमी असते, त्यामुळे द्रव त्याच्यावर नीट पसरत नाही आणि पकड घेत नाही. सुपरग्लूच्या बाटल्या बहुधा पॉलिइथिलीनच्याच असतात, ते उगाच नाही!

म्हणूनच फायबरग्लासचा थर, साधी इपॉक्सी पुट्टी, ऑइलपेंट, गाडीखाली मारतात तो रबर कोट, हे सगळं पहिल्या दिवशी छान दिसतं आणि काही फेऱ्यांत सालासारखं सुटतं. लाकडी किंवा फायबरच्या होडीला चालणारा उपाय इथे चालेलच असं नाही.

मग मार्ग तीन: घासणंच कमी करणं, या प्लास्टिकसाठी बनवलेला चिकट थर लावणं, किंवा प्लास्टिकला प्लास्टिक वितळवून जोडणं.

## उपाय १: ओढू नका (सर्वात स्वस्त, सर्वात परिणामकारक)

- दोघांनी दोन टोकांची हँडलं धरून उचला. २५-३० किलोची कयाक एकट्याने ओढण्यापेक्षा हाक मारून कोणाला तरी बोलवा.
- एकटे असाल तर दोन चाकांची ट्रॉली वापरा. कवचाला खालून आधार देणारी, पट्ट्याने बांधायची ट्रॉली बरी. निचऱ्याच्या भोकांत दांडे घालायच्या ट्रॉलीवर सामानासकट कयाक नेली तर त्या भोकांभोवती तडे जाऊ शकतात.
- ट्रॉली नसेल तर जुनी चटई, कार्पेटचा तुकडा किंवा पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे खाली टाकून सरकवा.
- किनाऱ्याला लागताना गुडघाभर पाण्यात उतरा. कयाकमध्ये बसून जोरात वाळूवर चढवू नका.

## उपाय २: चिकटवायची संरक्षक पट्टी

तळ अजून जाड आहे, पण झीज सुरू झालीय, अशा वेळी हा उपाय चांगला. जाड रबरी किंवा प्लास्टिकची कील गार्ड पट्टी घ्या. पाकिटावर 'एलएसई' किंवा पॉलिइथिलीनसाठी योग्य असं लिहिलेलं आहे ना, ते नक्की बघा. एलएसई म्हणजे लो सरफेस एनर्जी, म्हणजे वर सांगितलेली कमी ऊर्जेची पृष्ठं.

कसं लावायचं?

१. कयाक साबणाने आणि गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. आधी पॉलिश किंवा सिलिकॉन स्प्रे मारला असेल तर जास्त घासा.
२. उठलेले धागे कापा.
३. आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापडावर घेऊन पुसा. त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका.
४. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा. टोकदार कोपरा सर्वात आधी उचकटतो.
५. मागून सुरुवात करून पुढे या. पुढचा तुकडा मागच्या तुकड्यावर साधारण २ सेंटिमीटर चढवा, घरावर कौलं बसवतात तसं. पाणी आणि वाळू पुढून मागे जातात, म्हणून उघडी कड मागे हवी.
६. लाटण्याने किंवा बाटलीने मधून कडेकडे जोर देऊन दाबा.
७. निदान २४ तास पाण्यात घालू नका. चिकटपणा हळूहळू वाढतो.

पट्टी फक्त टाच, मधली रेघ आणि नाक एवढ्यावरच लावा. सगळा तळ झाकला तर वजन वाढतं आणि पाण्यात कयाक जड चालते. घाईत असाल तर जाड, चांगल्या प्रतीची कापडी टेपही काही फेऱ्या टिकते, पण ती तात्पुरतीच.

इपॉक्सी लावायचीच असेल तर? लवचीक प्रकारची इपॉक्सी घ्या आणि आधी ज्योत द्या. पृष्ठभाग घासून, पुसून घ्या. टॉर्चच्या निळ्या ज्योतीचं टोक पृष्ठभागाला जेमतेम लागेल असं सेकंदाला साधारण एक फूट वेगाने फिरवा. वितळवायचं नाही, रंगही बदलता कामा नये. जमलं का, हे पाणी सांगतं: थेंब मण्यासारखा न बसता पसरला तर जमलं. जागा कोरडी करून अर्ध्या तासाच्या आत इपॉक्सी लावा. हे काम उघड्यावर, अल्कोहोल पूर्ण उडाल्यावर आणि त्याची बाटली लांब ठेवूनच करा. कयाकच्या आत फोम भरलेला असेल तर त्या जागी ज्योत नको. शेजारी पाण्याची बादली हवी. १८ वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबरच करावं.

## उपाय ३: टाचेला वेल्डिंग

टाच पातळ झाली किंवा भोक पडलं, की पट्टी पुरत नाही. इथे त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरावं लागतं. आपल्याकडे यासाठी एक सोय आहे: गावोगावी पाण्याच्या टाक्या वेल्ड करणारे कारागीर असतात. त्यांचा हात याच प्लास्टिकवर बसलेला असतो. स्वतः करायचं असेल तर हॉट एअर गन आणि पॉलिइथिलीनची वेल्डिंग रॉड लागते.

आधी एक चाचणी करा. काही कयाक क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीनच्या असतात. ते एकदा घडलं की पुन्हा वितळत नाही, म्हणून वेल्डिंग होत नाही. न दिसणाऱ्या कडेला गरम सोल्डरिंग आयर्न टेकवा. प्लास्टिक वितळून ओघळलं तर वेल्डिंग शक्य आहे. नुसतं मऊ झालं तर नाही.

- ब्लेडने वरचा जुना, उन्हाने खराब झालेला थर खरवडून आतलं ताजं प्लास्टिक उघडं करा. हा टप्पा टाळला तर जोड वरवरचा राहतो.
- तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं छोटं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे पळत नाही.
- कवच आणि रॉड, दोन्ही एकाच वेळी चकाकून ओलसर दिसेपर्यंत गरम करा आणि रॉड दाबत पुढे जा. फक्त रॉड वितळली तर ती नुसती वर बसते, जुळत नाही.
- धूर आला किंवा रंग तपकिरी झाला तर उष्णता जास्त झाली.
- आपोआप थंड होऊ द्या. वरून पाणी ओतू नका.

थेट कयाकवर हात आजमावू नका. आधी टाकीच्या भंगार तुकड्यावर सराव करा. कयाक वॉरंटीत असेल तर वेल्डिंगआधी विक्रेत्याला विचारा. काही मॉडेल्सना टाचेवर बदलता येणारी संरक्षक प्लेट असते. तशी असेल तर झिजल्यावर फक्त ती बदला.

## उन्हाचं काय?

पाण्याच्या टाक्या अनेकदा काळ्या का असतात? त्यातला कार्बन अतिनील किरणं अडवतो. रंगीत कयाकमध्येही संरक्षक रसायनं असतात, पण ती कायम टिकत नाहीत. म्हणून कयाक सावलीत ठेवा आणि बूच किंवा झाकण थोडं सैल ठेवा, म्हणजे आतली हवा तापून कवच फुगणार नाही. सपाट जमिनीवर महिनोन्महिने ठेवण्यापेक्षा कुशीवर किंवा रुंद पट्ट्यांवर ठेवा. तळ दबला असेल तर उन्हात ठेवून किंवा गरम पाणी ओतून आतून हलकेच ढकला, बहुतेक वेळा तो मूळ आकारात येतो.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवीन कयाकला लगेच पट्टी लावावी का?
दगडाळ किनारा असेल तर टाचेवर लावा. फक्त धरणाच्या किंवा संथ खाडीच्या पाण्यात, उचलून नेत असाल तर गरज नाही.

ओरखड्यांमुळे वेग कमी होतो का?
मजेसाठी चालवणाऱ्याला जाणवण्याइतका नाही.

किचनमधल्या प्लास्टिक चॉपिंग बोर्डचा तुकडा टाचेला स्क्रूने बसवला तर?
तुकडा चालेल, स्क्रू नाही. टाच आतून पोकळ असते, म्हणजे प्रत्येक स्क्रू हे एक नवीन भोक. बोर्ड पॉलिइथिलीनचा असेल तर तो वेल्ड करून घ्या.

कयाक कधी मोडीत काढावी?
पृष्ठभाग खडूसारखा पांढरट झाला आणि त्यावर बारीक तड्यांचं जाळं दिसू लागलं, की प्लास्टिक ठिसूळ झालं. मग कोणतीही पट्टी तिला वाचवत नाही. अशी कयाक पाण्यात नेऊ नका, आणि स्वस्तात मिळाली तरी विकत घेऊ नका.

## थोडक्यात

उचलून न्या, दर महिन्याला फोटो काढा, फेरीनंतरचं पाणी मोजा. झीज सुरू झाली तर एलएसई पट्टी, पातळ झाली तर वेल्डिंग. आणि दुरुस्तीनंतरची पहिली फेरी किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालूनच करा. अर्ध्या तासाने बाहेर येऊन बूच काढा. आतून थेंबही निघाला नाही, तर मग खुशाल खाडीत जा.