पुढच्या भागापर्यंतचा आठवडा

२४ मार्च १९७० रोजी तोक्योतील कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या सभागृहात एक अंत्यविधी पार पडला. सभागृहात मुष्टियुद्धाचा आखाडा उभारण्यात आला होता. भिक्षूने मंत्रपठण केले, आणि मुष्टियोद्ध्यांच्या परंपरेप्रमाणे घंटेचे दहा ठोके देण्यात आले. सुमारे सातशे माणसे निरोप द्यायला जमली होती. ज्याला निरोप द्यायचा तो रिकिइशी तोरू मात्र कधी जन्मलाच नव्हता. ‘आशिता नो जो’ (‘उद्याचा जो’) या साप्ताहिकातून क्रमशः येणाऱ्या चित्रकथेत तो नायकाचा प्रतिस्पर्धी होता आणि नुकताच आखाड्यात मरण पावला होता. हा विधी योजला होता कवी-नाटककार तेरायामा शूजी यांनी. त्यात थट्टेचा अंश किती आणि शोकाचा किती, हे आज सांगणे कठीण. पण आलेल्यांपैकी अनेकांना ते वेगळे करून पाहायचेच नव्हते, असे आम्हांस वाटते.

आठवडाभराने, ३१ मार्चला, जपानी रेड आर्मी गटाच्या तरुणांनी एक प्रवासी विमान पळवले आणि आपल्या निवेदनात ‘आपण उद्याचे जो आहोत’ अशा अर्थाची घोषणा केली. लगेच दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, त्याच कथेची अ‍ॅनिमे मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्या शीर्षकगीताचे शब्द तेरायामांचेच होते. ज्याचा अंत्यविधी आटोपला तो रिकिइशी आता घरोघरी, जिवंत, दर आठवड्याला दिसणार होता आणि पुन्हा मरणार होता. प्रेक्षकाला शेवट ठाऊक आहे आणि तरीही तो थांबून राहतो, ही अवस्था आपल्याला पुराणश्रवणातून परिचित आहे. येथे फरक एवढाच, की मधले आठवडे प्रेक्षकाच्या स्वाधीन होते आणि त्या आठवड्यांत तो गप्प बसला नाही.

साहित्याच्या अभ्यासात आपण बहुधा पूर्ण झालेली कृती वाचतो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ आपण आज जाडजूड पुस्तक म्हणून हाती घेतो. ‘करमणूक’च्या वाचकाने ती हप्त्याहप्त्याने वाचली आणि यमूचे पुढे काय होणार हे ठाऊक नसताना वाचली. त्या वाचकाचे वाचन हे अपुरे वाचन नव्हे, ते निराळे वाचन आहे. परंतु त्याची नोंद फारशी उरत नाही. जपानी अ‍ॅनिमेच्या बाबतीत ती पुष्कळ उरली, कारण तिने वेळोवेळी प्रत्यक्ष कृतीतच हस्तक्षेप केला. म्हणून हा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठीही महत्त्वाचा ठरतो.

प्रारंभीची उदाहरणे उशिरा पोहोचलेल्या प्रतिसादाची आहेत. ऑक्टोबर १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ या मालिकेची वेळ होती रविवारी संध्याकाळी साडेसात, आणि त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ताकाहाता इसाओंची ‘हायडी’ चालू होती. आल्प्सच्या कुरणातल्या त्या मुलीपुढे युद्धनौकेचे काही चालले नाही. मालिका आखलेल्या लांबीपेक्षा आवरती घेऊन २६ भागांत संपवावी लागली. मात्र जे थोडे पाहत होते ते पाहून विसरले नाहीत. त्यांनी मंडळे काढली, पत्रके छापली. पुनःप्रक्षेपणांतून प्रेक्षक वाढत गेले आणि ऑगस्ट १९७७ मध्ये मालिकेचा संकलित चित्रपट लागला तेव्हा तरुण मुले रात्रभर चित्रपटगृहांबाहेर रांगा लावून होती. पुढील वर्षी दुसऱ्या चित्रपटात नायकाने नौकेसह आत्माहुती दिली. प्रेक्षक ढसाढसा रडले. मग काही महिन्यांतच आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत तोच नायक जिवंत राहिला! एकाच कथेचे दोन अधिकृत शेवट अशा रीतीने नांदू लागले. यामागे व्यापारी हिशेब होता हे उघडच आहे. पण तो हिशेब मांडता आला तो प्रेक्षकांच्या अश्रूंवरच.

‘गुंडाम’चीही कथा थोडीफार अशीच. एप्रिल १९७९ ते जानेवारी १९८० या काळात ५२ भागांची योजना ४३ भागांवर आटोपली. खेळणी विकणाऱ्या प्रायोजकाला अपेक्षित खप मिळेना. तरीही २२ फेब्रुवारी १९८१ रोजी, पहिला गुंडाम चित्रपट लागण्याच्या सुमारास, शिंजुकू स्थानकाच्या पूर्वेकडील चौकात हजारो तरुण लोटले, आणि दिग्दर्शक तोमिनो योशियुकी यांच्या उपस्थितीत अ‍ॅनिमेच्या नव्या शतकाचे घोषणापत्र वाचण्यात आले. ते वाचणारे दोघे पात्रांच्या वेशात आलेले चाहतेच होते. या दोन घटनांच्या मधल्या काळात, १९७८ मध्ये, ‘अ‍ॅनिमेज’ हे मासिक निघाले होते. चाहत्याच्या मताला छापील पान मिळाले होते.

तथापि या साऱ्या प्रकरणांत प्रेक्षक आणि निर्माता यांचे एका गोष्टीवर एकमत होते: मालिका चालावी. खरा संघर्ष पेटला तो १९९६ मध्ये.

आन्नो हिदेआकी दिग्दर्शित ‘निऑन जेनेसिस एव्हान्गेलिऑन’ ४ ऑक्टोबर १९९५ रोजी सुरू झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत कोबेचा भूकंप आणि मार्चमध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्योचा विषारी वायूचा हल्ला झालेला. दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे मुलांच्या वेळेला, चौदा वर्षांचा शिंजी एका अवाढव्य यंत्रदेहात बसायला नकार देत होता, मग बसत होता, मग पुन्हा नकार देत होता. कथेत गूढ वाढत गेले. मृत समुद्राची हस्तलिखिते, गुप्त मंडळे, मानवजातीच्या ‘परिपूर्ती’ची योजना. बुधवार ते बुधवार हे दुवे जोडण्यात जे दंग झाले त्यांना २७ मार्च १९९६ रोजी शेवटच्या भागात काय मिळाले? एक रिकामा रंगमंच, खुर्च्या, कच्च्या रेखाटनांतली चित्रे, शिंजीच्या मनातील प्रश्नोत्तरे, आणि त्याच्याभोवती उभे राहून टाळ्या वाजवत अभिनंदन करणारी पात्रे. जगाचे काय झाले हे सांगितलेच नाही.

संतापाचा जो लोट उसळला त्याला केवळ बालिश म्हणणे सोपे आहे; आम्ही तसे म्हणणार नाही. सहा महिने प्रत्येक तपशिलाला अर्थ आहे अशी खात्री देऊन शेवटी अर्थाचा शोधच निरर्थक ठरवणे, हा करारभंग वाटणे स्वाभाविक होते. पण याउलट, हा शोध म्हणजेच स्वतःकडे पाहण्याची टाळाटाळ, हेच तर ती मालिका सांगत होती. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच भांडण मिटले नाही.

आन्नोंचे उत्तर जुलै १९९७ मधील ‘द एंड ऑफ एव्हान्गेलिऑन’ या चित्रपटात आले. वरवर पाहता ही शरणागती: प्रेक्षकांनी मागितलेला ‘खरा’ शेवट, बाह्य जगातल्या घटनांसह. परंतु त्याच चित्रपटात एका क्षणी चित्रे थांबतात आणि पडद्यावर चाहत्यांचे संदेश झरझर सरकतात. त्यांत कौतुक आहे, तशीच दिग्दर्शकाला ठार मारण्याची भाषाही आहे. चित्रपटगृहात बसलेले प्रेक्षक दिसतात, हाडामांसाचे. प्रतिसाद हा आता कृतीबाहेरचा मजकूर राहिला नाही. तो तिच्या पोटात गेला आणि तेथून त्याने प्रेक्षकाकडेच रोखून पाहिले. आत्मनिवेदनपर कथनाचे धडे देताना आपण पिरांदेल्लोपाशी थांबतो. या दृश्यापर्यंत यायला हरकत नाही.

मात्र त्या धमक्यांची ओळ आज आम्हांला पूर्वीसारखी निर्विकारपणे पाहता येत नाही. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो अ‍ॅनिमेशन या संस्थेच्या इमारतीला एका माणसाने आग लावली. ३६ जण मृत्युमुखी पडले. आपल्या कल्पना या संस्थेने चोरल्या असा त्याचा भ्रम होता. ही घटना चाहत्यांच्या रागाच्या इतिहासात बसवणे अन्यायाचे होईल. तो माणूस मालिकेच्या शेवटावर रुसलेला प्रेक्षक नव्हता. तरी शब्द शब्दच असतात असे म्हणताना जीभ आता अडखळते.

याच क्योतो अ‍ॅनिमेशनने २००९ च्या उन्हाळ्यात आठवड्यांच्या अंतराचा सर्वांत धाडसी वापर केला होता. ‘सुझुमिया हारुही’ या तानिगावा नागारु यांच्या कादंबरीमालेतील एका छोट्या कथेत उन्हाळी सुट्टीचा शेवटचा पंधरवडा पुन्हा पुन्हा उगवतो, हजारो वेळा. कादंबरीत हे एकदाच सांगून भागते. दूरचित्रवाणीवर तो पंधरवडा जूनपासून ऑगस्टपर्यंत आठ आठवडे, आठ भागांत, जवळजवळ तसाच दाखवण्यात आला. जुनी चित्रे पुन्हा वापरली नव्हती. प्रत्येक भाग नव्याने रेखाटला होता, संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केले होते, कपडे बदलत होते, दृष्टिकोन बदलत होते. घटना मात्र त्याच. तीन वर्षे नव्या भागांची वाट पाहिलेल्या चाहत्यांची दुसऱ्या भागाला गंमत झाली, चौथ्याला चुळबुळ, सहाव्याला चीड. नव्या चौदा भागांपैकी आठ यातच गेले!

कथेत हे सारे फेरे आठवत असणारी एकच व्यक्ती आहे: नागातो युकी, जी तक्रार करीत नाही. इतर पात्रांची स्मृती दर वेळी पुसली जाते. प्रेक्षकाची पुसली जात नव्हती, म्हणजे त्याला नकळत नागातोच्या खुर्चीत बसवले होते. २०१० मधील चित्रपटात या शांत मुलीचा साचलेला शीण जेव्हा जग बदलून टाकतो, तेव्हा तो शीण म्हणजे काय हे ज्यांनी ते आठ आठवडे काढले होते त्यांना समजावून सांगावे लागले नाही. निर्मात्यांचा हेतू इतका स्पष्ट होता का, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. परिणाम तसा झाला.

आपल्याकडे या आठवड्यांना काहीसे विचित्र रूप होते. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी हिंदीतून मोगली पाहणाऱ्या मराठी मुलांना आपण अ‍ॅनिमे पाहत आहोत याचा पत्ता नव्हता, आणि ती मालिका जपानमध्ये १९९० मध्येच संपलेली होती. शेरखानाचे काय होणार, यावर शाळेच्या मधल्या सुट्टीत घातलेले वाद कोणत्याही दिग्दर्शकापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. आज पुण्यातला विद्यार्थी नवा भाग जपानबरोबरच, बहुधा त्याच दिवशी, पाहतो आणि त्याच दिवशी चिडतो.

परवा आम्ही हारुहीचे ते आठ भाग एका तरुण मित्रासोबत पुन्हा लावले. त्याने पहिला पाहिला, दुसरा निम्मा पाहिला, आणि सहज बोट फिरवून थेट आठव्यावर गेला.