जिन्याची फळी आणि रत्नागिरीतला राजा

आजच्या भागाचा विषय आहे जिना. लाकडी जिना. कानात इअरफोन घालून तुम्ही आत्ता एखादा जिना चढतही असाल, पण जिन्याला इतिहास असतो हे आपल्या डोक्यात येत नाही. सागवानी जिन्याचा इतिहास शोधायला गेलं की जंगलं लागतात, जहाजं लागतात, एक कंपनी लागते आणि राज्य गमावलेला एक राजा लागतो. तो राजा शेवटी राहायला आला कुठे, तर आपल्या रत्नागिरीत. चला, क्रमाने जाऊ.

आधी पेशवाई. शनिवारवाड्याचा पाया घातला गेला 10 जानेवारी 1730 ला. लाकूड जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीकडचा. म्हणजे सगळं सामान आसपासचंच. 27 फेब्रुवारी 1828 ला वाड्याला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. लाकडी मजले गेले, जिने गेले. आज आपण तिकीट काढून बघतो ती तटबंदी, दरवाजे आणि दगडी जोती.

पण त्या पद्धतीचे जिने जुन्या वाड्यांत अजून सापडतात. अरुंद, अंधारे आणि जवळजवळ शिडीसारखे उभे. बरेचसे भिंतीच्या जाडीतच बसवलेले. वर पोचलात की डोक्यावर एक लाकडी झाकण, ते पाडलं की माडी बंद. एकावेळी एकच माणूस चढेल, तोही वाकून. चोर किंवा शत्रू आलाच तर वरच्याला सोपं, खालच्याला अवघड. शिवाय जागा कमी लागायची. कठडा? तो बहुतेक ठिकाणी नसायचाच. वरून एक दोर लोंबत असायचा, तो धरायचा आणि चढायचं. मराठीत अशा लाकडी जिन्याला ‘दादर’ असाही शब्द आहे.

आता सागाकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे वाळवी सहजासहजी लागत नाही, पावसापाण्यात ते लवकर कुजत नाही आणि ओलं-सुकं होताना फारसं वाकत नाही. जिन्याला जे हवं तेच जहाजालाही हवं. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत ब्रिटिशांसाठी सागाची जहाजं बांधली. त्यातलं 1817 चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. मुंबईत बांधलेलं, 200 वर्षं उलटून गेली तरी!

पण जहाजांना साग लागतो प्रचंड. मलबारची जंगलं इतकी तुटली की 1806 मध्ये कंपनी सरकारने तिथे जंगलावर एक खास अधिकारी नेमला. त्याचं काम झाडं वाचवणं कमी आणि नौदलासाठी साग राखून ठेवणं जास्त. मग नजर गेली ब्रह्मदेशाकडे.

ब्रह्मदेश ब्रिटिशांनी तीन घासांत गिळला. 1826, 1852 आणि 1885. तिसरं युद्ध तर थेट सागाच्या ओंडक्यांवरून पेटलं. 1863 मध्ये मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ नावाची कंपनी स्थापन झाली. वरच्या ब्रह्मदेशातल्या सागाचा ठेका तिच्याकडे होता. तिथली तोडणीची पद्धत ऐका. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं लाकूड गोल कापायचं आणि झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळू द्यायचं. मग तोडायचं, हत्तींनी ओढून ओढ्यात टाकायचं आणि पावसाळ्याची वाट बघायची. पूर आला की ओंडके वाहत मोठ्या नदीला, तिथून तराफे बांधून बंदराला.

1885 मध्ये मंडालेच्या दरबाराने कंपनीवर आरोप केला की ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला. दंड ठोठावला साधारण 23 लाख रुपये. ब्रिटिशांना निमित्तच हवं होतं, कारण राजा थिबा फ्रेंचांशी बोलणी करत होता आणि ते त्यांना खुपत होतं. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरमध्ये फौज निघाली आणि दोन-तीन आठवड्यांत खेळ खल्लास. 29 नोव्हेंबरला थिबा आणि राणी सुपयालत यांना बैलगाड्यांत बसवून नदीकाठी बोटीवर नेलं. 1 जानेवारी 1886 ला राज्य खालसा झाल्याची घोषणा झाली.

राजाला आधी मद्रासला ठेवलं आणि 1886 च्या एप्रिलमध्ये आणलं रत्नागिरीला. त्याआधी 1858 मध्ये शेवटच्या मुघल बादशहाला, बहादूरशहा जफरला, ब्रिटिशांनी रंगूनला धाडलं होतं. आता रंगूनच्या बाजूचा राजा इकडे. थिबासाठी राजवाडा बांधून झाला तो 1910 मध्ये, म्हणजे जवळपास पाव शतक तो बंगल्यांतच राहिला. खाडीकडे तोंड केलेल्या त्या वाड्यात त्याला सहा वर्षं मिळाली. 1916 च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. त्याची एक नात तर मराठी बोलत रत्नागिरीतच आयुष्य जगली.

आणि तो साग? इंग्लंडला गेला, तसा मुंबईलाही आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिरणगावात, गिरगावात चाळी उभ्या राहत होत्या. तुळया लाकडी, गॅलरी लाकडी, जिने लाकडी. चाळीचा जिना सगळ्यांचा, दिवसभर वर्दळीचा, त्यामुळे त्याला कठडा आला आणि दोर गेला. श्रीमंत इमारतींत ओतीव लोखंडाचे नक्षीदार कठडे आले. व्हिक्टोरिया टर्मिनसचं बांधकाम 1878 ते 1888 चाललं. तिथल्या जिन्यांचे कठडे आणि जाळ्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातच्या आहेत. पुढच्या वेळी सीएसएमटीला लोकल पकडताना आठवा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सरकारला साग मौल्यवान वाटला म्हणून 1865 आणि 1878 चे वन कायदे आले. ज्या डोंगरात गावकरी गुरं चारायचे, लाकूडफाटा आणायचे, तिथे आता राखीव जंगल आणि गार्ड. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, 1883 मध्येच, या जंगल खात्यावर कोरडे ओढलेत. जिन्याची एक गुळगुळीत फळी, पण तिच्या मागे कुणाचं राज्य गेलं आणि कुणाची चराई गेली.

मी हे सगळं का खणत बसले? कारण माझ्या आजोळी, रत्नागिरीलाच, जिना बदलायचं काम निघालं. मामा म्हणाला, लाकूड फेकू, सिमेंटचा जिना, वर ग्रॅनाइट आणि स्टीलचं रेलिंग. आजीचे गुडघे गेलेत, दोन वर्षं ती माडीवर चढलेली नाही. तरी ती म्हणे, ‘माझ्या सासऱ्यांनी केलेला जिना आहे, लाकूड घराबाहेर जायचं नाही.’ सुतारकाकांनी फळीवर रंधा मारला, वास घेतला आणि म्हणाले, ‘बर्मा आहे हो हा, टाकू नका.’

मी टेप घेऊन मोजायला बसले. माडीची उंची साडेदहा फूट, म्हणजे 126 इंच. पायऱ्या 12, प्रत्येक साडेदहा इंच उंच आणि पाय ठेवायला फक्त 8 इंच. चढ जवळपास 53 अंशांचा! सतराव्या शतकात ब्लोंडेल नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने एक हिशोब मांडला होता, तो आजही वापरतात. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक रुंदी, बेरीज 24-25 इंचांच्या आसपास यावी, कारण सपाटीवर आपलं पाऊल साधारण तेवढं पडतं. आमच्या जिन्याची बेरीज येत होती 29. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घराची पायरी जास्तीत जास्त 190 मिलिमीटर उंच आणि कमीत कमी 250 रुंद हवी. म्हणजे आजीची तक्रार गुडघ्यांची नव्हतीच, भूमितीची होती.

मग नवा हिशोब केला. 18 चढ, प्रत्येकी 7 इंच, पायरी साडेदहा इंच रुंद. बेरीज साडेचोवीस. पण जागा लागते दुप्पट, सव्वासात फुटांच्या जागी जवळजवळ 15 फूट. म्हणून मधे चौथरा घेऊन जिना काटकोनात वळवला. जुन्या 8 इंची फळ्या नव्या पायऱ्यांना पुरत नव्हत्या, पण त्या 2 इंच जाड होत्या. त्या उभ्या चिरून कठड्याचे दांडे झाले. बाजूच्या दोन लांब फळ्यांतून हाताला धरायचा कठडा निघाला. म्हणजे आजी आता सासऱ्यांचंच लाकूड धरून चढेल.

पायऱ्यांना नवं लाकूड लागलं. वखारीत पहिला प्रश्न, ‘बर्मा देऊ?’ म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून कच्चे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय. 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका आणि युरोपीय संघाने निर्बंध घातले, कारण तो पैसा लष्कराकडे जातो. 1885 मध्ये सागासाठी राज्य बुडालं आणि आजही तिथला साग बंदुकीच्या सावलीतच आहे. त्यामुळे आम्ही बल्लारशाचा साग घेतला. चंद्रपूर-गडचिरोलीचं हे लाकूड वन विभागाच्या लिलावातून येतं आणि सोबत वाहतुकीचा पास असतो. मामाला पास दाखवला, मग तो गप्प बसला.

तुमच्या घरी जुना जिना निघणार असेल तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी सुताराला बोलवा. नवं लाकूड घेणार असाल तर ते कुठून आलं हे विचारा आणि कागद मागा. आणि रत्नागिरीला गेलात तर आंबे घ्याच, पण थिबाच्या राजवाड्यातही एक चक्कर मारा.

तुमच्या घरातल्या जिन्याची गोष्ट असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून चढा, सांभाळून उतरा!