दोन्ही चाकांना शॉक

सायकलीला स्प्रिंग लावण्याची खटपट माउंटन बाइकच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमध्ये १८८५ साली निघालेल्या 'व्हिपेट' सायकलीत सीट, हँडल आणि पायडल स्प्रिंगांवर तोललेले होते. पण १८८८ मध्ये डनलॉपने हवेचे टायर आणले, खडबडीत रस्त्याचे धक्के टायरच पचवू लागले आणि स्प्रिंगा मागे पडल्या.

त्यांची आठवण पुन्हा झाली ती कॅलिफोर्नियात. तिथे मरिन काउंटीत फेअरफॅक्सजवळच्या उतारावर १९७६ पासून जाड टायरच्या जुन्या सायकलींच्या शर्यती लागत. साडेतीन किलोमीटरांत चारशे मीटर उतरताना मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी हब खोलून ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे 'रीपॅक' हे नाव त्यावरूनच पडले. तेव्हा शॉकचे काम गुडघे आणि कोपरेच करत. पॉल टर्नरचा रॉकशॉक्स फोर्क १९८९ साली आला आणि १९९० मध्ये ड्युरँगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने तो लावून उताराची शर्यत जिंकली. पुढच्या चाकाचा प्रश्न बराचसा सुटला.

मागचे चाक मात्र चेनला बांधलेले. पायडल मारले की चेनच्या ओढीने शॉक दबतो आणि स्वाराचा जोर वरखाली हेलकावण्यात वाया जातो. मोटोक्रॉसमधून आलेल्या ऑस्ट्रियन होर्स्ट लाइटनरने मागच्या धुऱ्याच्या पुढे, जरा खाली, एक छोटा सांधा दिला. हा उपाय आजवर टिकला आहे. ट्रेक कंपनीच्या १९९५ च्या वाय-फ्रेमने दुसरी वाट धरली: क्रँक आणि मागचे चाक एकाच हलत्या भागावर बसवले. त्यामुळे चेनची लांबी कायम राहते. फ्रेम देखणी होती, आणि तिच्या नावाचे निम्मे श्रेय देखणेपणालाच द्यावे लागेल. शर्यतपटू तेवढ्याने भुलले नाहीत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये बार्ट ब्रेंटियेन्सने सुवर्णपदक मिळवले ते मागे शॉक नसलेल्या सायकलीवर.

या पिढीतली सायकल दुरुस्तीला घेतली की धातूपेक्षा मऊ भागच जास्त छळतात. त्या काळच्या बऱ्याच फोर्कांत स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमरचे, म्हणजे रबरासारख्या युरेथेनचे, ठोकळे एकावर एक रचलेले असत. तीस वर्षांनी नळी उघडावी तर आत ठोकळे नसतातच. भिंतींना चिकटलेला, पाक बिघडलेल्या गुळासारखा लगदा असतो. लाकडी काडीने तो खरवडायचा, स्पिरिटने नळी पुसायची आणि नवे ठोकळे किंवा मापाची स्प्रिंग घालायची. सांध्यांचे बुश झिजून मागचे चाक डावी-उजवीकडे डुलते. तयार बुश न मिळाल्यास लेथवर कातून घ्यावे लागतात. मागचा शॉक बदलताना दोन्ही टोकांच्या भोकांमधले अंतर तंतोतंत जुळले पाहिजे, नाहीतर सायकलीची सगळी भूमितीच बदलते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर रंग चढवण्याआधी वेल्डिंगजवळ केसाएवढी चीर शोधावी. ती सापडली, तर फ्रेम भिंतीवर टांगलेलीच बरी.

चालवताना जुना हिशेब लगेच कळतो. हँडल अरुंद, स्टेम लांब, त्यामुळे तीव्र उतारावर सगळा भार पुढच्या चाकावर येतो. वाय-फ्रेमची गंमत आणखी वेगळी. स्वार पायडलवर उभा राहिला की त्याचे वजन थेट हलत्या भागावर पडते आणि मागचा शॉक जवळजवळ गप्प होतो. खडकाळ उतारावर कुणीही उभाच राहतो. म्हणजे शॉक हवा असतो नेमका तेव्हाच तो नसतो.