काटेपूर्णा अभयारण्य व त्याचे शिवार

काटेपूर्णा अभयारण्य : वऱ्हाडातील अकोला व वाशीम जिल्ह्यांच्या शिवेवरील शुष्क पानझडी वन. क्षेत्रफळ 73.69 चौ.किमी. 1988 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला तेव्हा हे सगळे रान एकट्या अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला आणि रानाची वाटणी झाली. अकोल्याहून बार्शीटाकळीवरून महानकडे जाणारा रस्ता चाळीस किलोमीटरच्या आत रानाच्या तोंडाशी पोचतो. मोगलांच्या काळापासून वऱ्हाडचे दोन भाग मानले जात : पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सपाट पायनघाट आणि दक्षिणेचा डोंगरपठारी बालाघाट. काटेपूर्णा नदी बालाघाटातून उतरून पायनघाटात पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीला. नदी घाट उतरते त्या उतारावर हे रान आहे, रानाच्या पायथ्याशी महानचे धरण आणि धरणाखाली कपाशी-तुरीचा मुलूख. येथे येणारे बहुतेक जण फक्त रान पाहून किंवा फक्त धरणाच्या भिंतीवर फोटो काढून परततात. प्रस्तुत नोंदीची भूमिका अशी, की रान, पाणी आणि शिवार या तिन्हींची मिळूनच काटेपूर्ण्याची भेट होते. यातले एक वगळले तर उरलेल्या दोहोंचा अर्थ लागत नाही.

पहिला आक्षेप ठरलेला : तिथे वाघ नाही, मग पाहायचे काय? विदर्भात वाघाच्या मोजपट्टीने रान मोजायची सवय जडली आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, मेळघाट, शेजारी असल्यावर ती जडणारच. पण काटेपूर्ण्याची ओळख चौशिंगा आणि भेकर या दोन लहान, लाजाळू प्राण्यांमुळे आहे आणि ते जिप्सीतून सहसा दिसत नाहीत. रानटी खुरी प्राण्यांत चार शिंगांचा चौशिंगा एकटाच. शिंगे नरालाच असतात. मागची जोडी जेमतेम बोटाएवढी आणि पुढची इतकी आखूड, की काही नरांत तिथे नुसती गाठ असते. खांद्याशी उंची दोन फुटांच्या आसपास, म्हणजे कंबरभर वाढलेल्या कुसळी गवतात तो उभा असला तरी नसल्यासारखाच. कळप करून राहत नाही, एकटा किंवा जोडीने फिरतो, आणि चाहूल लागली की पळण्याआधी जागच्या जागी थिजतो. मात्र एका सवयीने तो सापडतो : लेंड्या टाकायला पुनःपुन्हा ठरलेल्या जागी येतो. पायवाटेच्या कडेला काळ्या, गुळगुळीत लेंड्यांची रास दिसली आणि तिच्यातल्या वरच्या ओल्या, खालच्या वाळून करड्या पडलेल्या असल्या, तर हा त्याचा रोजचा मुलूख समजावा. पाण्यावाचून त्याला फार काळ राहता येत नाही, म्हणून ही रास बहुधा पाणवठ्याच्या अंगाला असते. असे रान वाचायला थांबावे लागते, खाली बघावे लागते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्ली यांचे लेखन वाचलेल्या मराठी वाचकाला हे नवे नाही. त्यांनी वाघापेक्षा रानातल्या राहण्याला जास्त पाने दिली. त्यांची प्रसिद्ध राने पूर्व विदर्भातली, हा योगायोग वऱ्हाडच्या लहान रानांना मात्र महागात पडला. लिहिणारा लाभला नाही म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाहीत.

दुसरा आक्षेप ऋतूचा. माघापासून ज्येष्ठापर्यंत हे रान उघडेबोडके असते, अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो, अशा ठिकाणी निसर्ग पाहायला कोण जाणार? या प्रश्नामागे वनाची एक उसनी कल्पना आहे : वन म्हणजे हिरवी सावली, ओला गारवा, खाली फुलांचा गालिचा. इंग्लंडातल्या ओक-बीचच्या वनात एप्रिल-मेमध्ये झाडांची पालवी दाट होण्याआधी जमिनीवर निळी ब्लूबेल फुलते आणि ती बघायला लोक मुद्दाम जातात. चित्रांतून, कथांतून तेच वन आपल्या डोळ्यांत बसले आहे. वऱ्हाडात आलेल्या इंग्रज अंमलदारांनीही मायदेशाच्या हवेचा तुकडा शोधायला चिखलदरा गाठला, पायथ्याच्या सागाच्या रानांकडे त्यांनी लाकूड आणि चराई म्हणूनच पाहिले. परंतु शुष्क पानझडी वनाचा फुलोरा झाडावर असतो, आणि तोही पाने गळल्यावर. फाल्गुनात पळस पेटतो, पाठोपाठ मोहाची फुले पहाटे गळू लागतात. पान नसल्यामुळेच ती लांबून दिसतात, आणि पाखरांना व गोळा करणाऱ्यांना सापडतात. साग याच्या उलट वागतो : त्याचे पांढरे तुरे भर पावसाळ्यात येतात. त्याचे वाळलेले पान हे काटेपूर्ण्याच्या शांततेचे खरे कारण म्हणावे लागेल. सुपाएवढे, खरखरीत, कडेने मुडपलेले ते पान पायाखाली पापडासारखे मोडते. उन्हाळ्यात रानात दबक्या पावलांनी चालणे अशक्य होते. मोर चालला तरी माणूस आल्याचा भास होतो. निवांत रान म्हणजे आवाज नसलेले रान नव्हे. जिथे प्रत्येक आवाज कुणाचा ते वेगळे ओळखता येते, ते निवांत. धावडा, सालई, तेंदू, मोवई, बेहडा, आवळा, बेल ही बाकीची मंडळी, ओढ्याकाठी अर्जुन. मोकळ्या जागी घाणेरीने शिरकाव केला आहे आणि तिच्याखाली गवत उगवत नाही, हे दुखणे इथेही आहेच.

तिसऱ्या आक्षेपात अधिक तथ्य आहे. इथले पाणी म्हणजे मुळात धरण. ज्याला आपण निसर्ग म्हणतो त्यातला निम्मा भाग पाटबंधारे खात्याचा. हे मान्यच करावे. मात्र माणसाचा हात लागला की निसर्ग संपला, हा निकष लावला तर इंग्लंडातही वन उरणार नाही. 1600 पासून अखंड वनाखाली असलेल्या जमिनीला तिथे प्राचीन वन म्हणतात, आणि त्यांतली बरीचशी वने बुंध्यापासून तोडायची, पुन्हा फुटू द्यायची, या पाळीने शतकानुशतके वापरात होती. महानच्या बाबतीत तर माणसाचा हात हाच पाहण्याचा विषय आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतल्या त्या गावांत विहीर खणली तरी पाणी खारे लागते. म्हणून बालाघाटाच्या उतारावर अडवलेल्या गोड्या पाण्याला वऱ्हाडात वेगळेच मोल आहे. अकोला शहराचे पिण्याचे पाणी महानहून येते, खांबोरा योजनेतून खारपाणपट्ट्यातली गावेही याच साठ्यावर अवलंबून आहेत. उतारावर झाडे आणि पालापाचोळा असला तर पावसाचा मारा मातीवर थेट बसत नाही, पाणी मुरत येते, गाळ कमी वाहतो. उतार उघडा पडला तर धरण पाण्याआधी गाळाने भरते. हिवाळ्यात जलाशयावर चक्रवाक व इतर बदके उतरतात तेव्हा धरण कोणत्या खात्याचे, हा प्रश्न त्यांच्यापुरता तरी निकाली निघालेला असतो.

शिवाराबद्दलचा आक्षेप शहरी माणूस घेत नाही, शेतकरी घेतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. रानाची शोभा पाहुण्याला, भुर्दंड आम्हाला, असे रानालगतचे गावकरी म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नाहीत. रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत तुरीचे तास झोपवतात. हरभरा घाट्यावर असताना जागल चुकली तर सोंगणीला काही उरत नाही. सरकारी भरपाईची तरतूद आहे, पण पंचनाम्याची खटपट आणि जागलीची थंडी दोन्ही शेतकऱ्याच्याच वाट्याला. म्हणूनच शिवाराला ग्रामीण सौंदर्याचे चित्र समजून धुऱ्यावरून पुढे निघून जाणे अपुरे आहे. अभयारण्याची हद्द नकाशावर असते, जनावर ती ओलांडते. याचा ढळढळीत पुरावा 2019 मध्ये मिळाला : टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला टी1सी1 हा वाघ सुमारे 1,300 किमी चालून डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत त्याने बहुतांशी शेतेच तुडवली. दोन लहान रानांमध्ये दुवा असतो तो नाल्याकाठच्या झाडोऱ्याचा, बांधावरच्या हिवर-बाभळीचा आणि गावाच्या ई-क्लास जमिनीचा. वऱ्हाडच्या जुन्या जमीन-वर्गवारीतून आलेली ही गुरचरणे अतिक्रमणाने आक्रसत चालली आहेत. ती गेली तर जनावर थेट पिकात येईल. तेव्हा चराईची पड जमीन राखणे ही वन्यप्राण्यांइतकीच कास्तकाराच्याही सोयीची गोष्ट आहे.

भेट पायी करावी हे यातून ओघानेच येते. इंग्लंडमध्ये 1949 च्या कायद्याने स्थानिक परिषदांना सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. शेत खासगी असले तरी त्यातली वाट चालणाऱ्याची. आपल्याकडे अभयारण्यात शिरायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि चौशिंग्यासारख्या बुजऱ्या प्राण्याच्या रानात ती लागावी हेच बरे. मात्र रानाभोवतीच्या पांधणी कुणी अडवलेल्या नाहीत. गर्दी वाढली तर शांतता जाईल ही भीती खरी आहे. पण गर्दी येते ती गाडीरस्ता, हॉटेल आणि हमखास वाघ यांच्यामागे, पांधणीतल्या चिखलामागे नव्हे. अमरावतीला पोहरा-मालखेडचे रान शहराला खेटून आहे, तिथेही हाच हिशेब लागू पडतो. एकच फेरी शक्य असेल त्याने कार्तिकात यावे : धरण भरलेले, गवत वाळू लागलेले, कपाशीची वेचणी चालू. सकाळचे रान परवानगीने, वनरक्षक सोबत घेऊन पाहावे. दुपारी बार्शीटाकळीचे कालंका देवीचे जुने दगडी मंदिर. आणि उतरत्या उन्हात एखाद्या गावाची पांधण, वाटेतल्या शेतकऱ्याला विचारून. उभ्या पिकातून जाऊ नये, आणि प्लास्टिक सोबत परत न्यावे.